काचेतली कुंची

संग्रहालयाच्या दारातल्या बाईंनी बाबागाडी आत नेता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा मला मनातून हायसं वाटलं. मी लगेच म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन या. मी ओजसला घेऊन बसते इथं चिंचेखाली."

निलोफरनं गॉगल डोक्यावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. "अडीचशे किलोमीटर गाडी मी चालवली. गाव तुझं. आणि तू चिंचेखाली बसणार?"

"ऊन आहे गं. त्याची झोपायची वेळ झालीये."

"ऊन आहे म्हणून आत यायचं असतं, शरू."

हेमांगी वाकली, बाबागाडीचा पट्टा सोडला, ओजसला उचलून कमरेवर घेतलं आणि सरळ आत चालू लागली. ती नेहमी असंच करायची. बाकी कुणाला मी बाळ देताना आधी हात धुवायला लावायचे. माझ्या सख्ख्या चुलत्यांनासुद्धा लावला होता साबण, आणि ते अजून त्यावरून बोलतात. निलोफरनं तर माझ्या बेसिनचं नावच 'चेकनाका' ठेवलं होतं. पण हेमांगीनं कधी हात धुतले नाहीत, कधी विचारलं नाही. ती यायची ती थेट पाळण्याकडे जायची. मीही तिला कधी अडवलं नाही. तिला अडवायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

बाबागाडी बाईंच्या टेबलामागे लावली आणि मी हेमांगीच्या मागोमाग आत गेले. त्या इमारतीत वरच्या मजल्यावर काय असू शकतं हे आम्हा तिघींत फक्त मला माहीत होतं.

हे सोलापूरचं. आम्ही बदामीला निघालो होतो. कोल्हापूरच्या हॉस्टेलमध्ये आम्ही तिघींनी दोन वर्षं एका खोलीत काढली, एम.एस्सी. बॉटनी. त्यानंतर दहा वर्षांत जमलेली ही पहिली सहल. खरं तर निलोफरनं ती हेमांगीसाठी जमवली होती. हेमांगीची आई जाऊन सहा महिने झाले होते आणि हेमांगी बँक आणि घर यापलीकडे कुठं जातच नव्हती. मुक्काम सोलापुरात ठेवू, असं निलोफर म्हणाली. माझं माहेर तिथलं, पण आई-बाबा घर रिकामं करून नाशिकला दादाकडे राहायला गेलेले, म्हणून लॉजवर उतरलो. सकाळी लॉजच्या मालकानंच सांगितलं, की मिलच्या जुन्या कचेरीतलं शहराचं संग्रहालय दोन वर्षं बंद होतं ते आता नवं करून उघडलंय, बघून जा. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आदल्या दिवशी गाडीत हेमांगी म्हणाली होती, "शरू, ती कुंची आता ओजसला लहान झाली असेल ना? परत गेल्यावर मला दे. आईच्या हातचं शिवलेलं माझ्याकडे काहीच नाही."

मी म्हटलं होतं, "देते की. कपाटातच आहे."

कुंची कपाटात नव्हती.

ही कुंची हेमांगीच्या आईनं, म्हणजे देशमाने काकूंनी, हेमांगीच्या बाळासाठी शिवली होती. त्यांच्या आजेसासूबाईंच्या इरकली लुगड्याचा लाल पदर फाडून. डोक्याला घट्ट, मागे पाठीवर झालर, कडेनं जर, आणि गळ्याशी बांधायच्या बंदांच्या टोकाला गोंड्यांऐवजी दोन निळी बटणं. हेमांगीच्या लहानपणीच्या फ्रॉकची. आमच्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत, शिवत तर मुळीच नाहीत. पहिलं झबलंसुद्धा कुणाच्या तरी गुटगुटीत पोराच्या अंगावरून उतरलेलं घालायचं. काकूंना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण त्यांना काचबिंदू होता. एक डोळा गेला होता, दुसऱ्याचं डॉक्टर काही सांगेनात. हेमांगीला सातवा लागला तशा त्या म्हणाल्या, दिसतंय तोवर शिवते, बाळ आल्यावर मला सुईत दोरा ओवता येईल का कुणाला ठाऊक.

मुलगी आठव्या महिन्यात झाली. तीन दिवस काचेच्या पेटीत होती. बारसं झालंच नाही, त्यामुळे तिला नावही नव्हतं. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी दारातच चपला घालताना म्हणालं, आधी शिवू नये म्हणतात ते उगाच नाही. काकू आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी मशिनवरचा कपडा काढला नाही.

मग दीड वर्षानं मला ओजस झाला. सातव्या दिवशी हेमांगी आली, थेट पाळण्याकडे गेली, त्याला उचललं, बराच वेळ घेऊन बसली. जाताना पर्समधून मलमलीत गुंडाळलेली कुंची काढून माझ्या उशाशी ठेवली. "बारशाला घाल त्याला. आणि फोटो पाठव. आईला मोठा करून दाखवते. तिला बघू दे एकदा, की कुंचीत काही नसतं."

बारशाला ती आली नाही. ऑडिट आहे म्हणाली. मीही आग्रह केला नाही.

त्या दिवशी मी खोलीचं दार लावून घेतलं आणि कुंची उलगडली. बारा दिवसांचा ओजस मांडीवर होता. मी ती त्याच्या डोक्यापर्यंत नेली, आणि तो शिंकला. एवढंच. बाळं शिंकतात. माझ्या टेबलावर त्यावरचं पुस्तक होतं, मी पान दाखवू शकले असते. मी कुंची घडी घातली, मलमलीत ठेवली आणि नणंदेच्या मुलाची उतरलेली पिवळी कुंची त्याला घातली.

संध्याकाळी हेमांगीचा फोन आला. घातलीस ना, तिनं विचारलं. मी हो म्हणाले. फार गोड दिसत होता, पण फोटोचं राहूनच गेलं, सारखा रडत होता. हेमांगी म्हणाली, थांब, आईला देते.

काकूंचा आवाज खूप लांबून आल्यासारखा आला. "बाळ बरंय ना गं? नीट झोपलं?"

"हो काकू. छान आहे. आत्ताच दूध पिऊन झोपलाय."

"घातली होतीस तू?"

"हो काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं हो, पोरी."

पाच महिन्यांनी त्या गेल्या.

ती कुंची मला घरात नको होती आणि टाकवतही नव्हती. मी ती सोलापूरला आईच्या ताब्यात दिली. कुठंही ठेव, माझ्या नजरेला पडायला नको, एवढंच सांगितलं. का ते आईनं विचारलं नाही. घर रिकामं करायच्या वेळी या संग्रहालयाची माणसं घरोघरी जुन्या वस्तू मागत फिरत होती. वरच्या मजल्यावर नवं दालन करायचं होतं. आईनं तांब्याचा बंब दिला, जातं दिलं, पितळी समई दिली, आणि त्यातच ती कुंची. आपल्याकडे राहण्यापेक्षा काचेत राहील बिचारी, ती मला फोनवर म्हणाली. मला वाटलं, कुठल्या तरी कपाटात पडून राहील. सगळ्याच वस्तू थोड्याच मांडतात.

खालच्या मजल्यावर सगळं नवं होतं. पांढऱ्या भिंती, पॉलिशचा वास, काचेवर अजून बोटांचे ठसेही फार नव्हते. लहानपणी शाळेच्या सहलीला आले होते तेव्हा इथं छत गळायचं आणि मोडके हातमाग एकावर एक रचून ठेवलेले असायचे. आता एकेक माग दिव्याखाली एकटा उभा होता. निलोफर चादरीच्या नक्ष्यांपुढे रेंगाळली. तिचे आजोबा मिरजेत रंगारी होते, त्यामुळे तिला रंगांत गती आहे. मी हेमांगीच्या मागे मागे होते. ओजस तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. ती जिन्याकडे वळली की मी काहीतरी दाखवायचे. ही बघ मिलची हजेरीपाटी, हा बघ जुना नकाशा, इथं आमची शाळा. ती बघायची, हसायची आणि पुन्हा जिन्याकडे वळायची. एकदा म्हणालेच, वर काही विशेष नसणार.

"वर लिहिलंय 'घरातलं शहर'," हेमांगी म्हणाली. "तेच तर बघायचं."

आणि अकरा वाजले. त्या संग्रहालयात दर तासाला मिलचा भोंगा वाजवतात, रेकॉर्ड केलेला. एके काळी या गावानं त्या भोंग्यावर घड्याळं लावली, भात शिजवले, पोरं उठवली. मला तो आवाज पोटातून माहीत होता. ओजसला नव्हता. तो असा दचकला की त्याला रडायलाही दोन क्षण लागले, आणि मग त्यानं टाहो फोडला. मी त्याला हेमांगीकडून घेतलं आणि बाहेर पळाले.

चिंचेखाली मी त्याला थोपटत बसले. छातीला हात लावून बघितला, कपाळाला लावून बघितला. पाणी पाजलं. कान तर दुखत नसेल ना म्हणून कानाशी बोट नेऊन बघितलं. पाच-सात मिनिटांत तो शांत झाला, चिंचेचा एक वाळका आकडा हातात धरून हसायलाही लागला. मला तिथंच बसता आलं असतं. पण एव्हाना हेमांगी वर गेली असणार.

जिना चढताना मी मनात म्हणत होते, नसेल मांडलेली.

मांडली होती. खिडकीजवळच्या पेटीत, चांदीच्या वाळ्यांच्या आणि लाकडी खुळखुळ्याच्या मध्ये, एका कापडी गोल ठोकळ्यावर घालून. ठोकळा बाळाच्या डोक्याएवढा होता. दिव्याखाली तो लाल पदर मी कधी बघितला नव्हता एवढा लाल दिसत होता. हेमांगी काचेला अगदी चिकटून उभी होती आणि निलोफर तिच्या शेजारी.

"शरू," हेमांगी मान न वळवता म्हणाली, "ही आपली आहे ना?"

मी म्हणाले, "आईनं घर आवरताना दिली गं चुकून. मी तुला सांगणार होते. परत मागून घेणार होते."

ती वळली. मला वाटलं होतं ती रागावेल. पण तिचा चेहरा मी दोन-अडीच वर्षांत बघितला नव्हता इतका उजळलेला होता. "अगं, मागायची कशाला? आईची कुंची काचेत आहे. दिवा लावलाय तिच्यावर." मग तिनं खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "पण हे वाच."

पट्टीवर लिहिलं होतं: कुंची. इरकली रेशीम, जर. सुमारे १९५०. शिवणारी: अज्ञात.

"एकोणीसशे पन्नास," निलोफर म्हणाली. "काकू तेव्हा जन्मल्या तरी होत्या का?"

"चोपन्नच्या." हेमांगी हसत होती आणि डोळे पुसत होती. "कापड जुनं बघून ठोकून दिलं यांनी. आणि अज्ञात काय? माझी आई अज्ञात?"

तिनं खाली जाऊन दारातल्या बाईंना सांगितलं, त्यांनी कुणाला फोन केला, आणि थोड्या वेळानं येमूल मॅडम आल्या. पन्नाशीच्या असतील. सुती साडी, चष्मा साखळीला, हातात किल्ल्यांचा जुडगा. वस्तूंची नोंद त्याच ठेवायच्या. तक्रार आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण आल्या आल्या त्या म्हणाल्या, की पंख्यांचं काम व्हायचंय अजून. हेमांगीनं सगळं सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. लोक इथं चुका काढायला येतात बाई, त्या म्हणाल्या, दुरुस्त करायला कुणी येत नाही. त्यांनी पेटी उघडली, पांढरे हातमोजे चढवले, ठोकळ्यावरून कुंची काढली आणि आम्हाला मागच्या खोलीत नेलं.

तिथं एक मोठं टेबल होतं, त्यावर पातळ पांढरा कागद अंथरलेला. मॅडमनी कुंची उलटी केली. आतल्या शिवणीवर हेमांगीनं हात न लावता बोट दाखवलं. बारीक, जवळजवळ घातलेले टाके, आणि कडेला एका ठिकाणी वाकडे गेलेले. तिथं आईला दिसलं नाही, ती म्हणाली, उसवून पुन्हा घालते म्हणत होती, मी म्हटलं राहू दे.

मॅडमनी छापील कागद काढला. शिवणारी. गाव. साल. त्या विचारत होत्या आणि हेमांगी सांगत होती. शकुंतला देशमाने. कराड. मॅडम प्रत्येक शब्द वळणदार लिहीत होत्या. वस्तू माझ्या आईच्या नावे आल्यामुळे खाली आमच्या घरातल्या कुणाची तरी सही लागेल, असं त्यांनी सांगितलं. माहिती खरी असल्याबद्दल. मी आहे ना, मी म्हटलं. ओजस माझ्या कमरेवर होता आणि टेबलावरच्या मापपट्टीकडे झेपावत होता.

"वापर?" मॅडमनी विचारलं.

"हिच्या मुलाच्या बारशाला," हेमांगी म्हणाली. "हाच तो."

मॅडमनी चष्म्यावरून ओजसकडे बघितलं आणि पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. त्यांनी लिहिलं, 'बारशाला वापरलेली'. ते शब्द मला उलटे वाचता येत होते. मला आत्ता सांगता आलं असतं. मी मनात वाक्य जुळवलंही. पण हेमांगी त्या अक्षरांकडे अशी बघत होती, की मी म्हटलं, असू दे. काकू गेल्या. कुणाचं काय जातंय. सही करून मोकळी होते.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, बाळ आलंच आहे तर एक फोटो घेऊ. त्यांच्याकडे कुंच्या तीन होत्या, पण कुंचीतल्या बाळाचा फोटो एकही नव्हता. लोकांना कळत नाही ही वस्तू कशी घालायची. पट्टीशेजारी छोटा फोटो लावता येईल.

"चालेल तुम्हाला? घालून?" निलोफरनं विचारलं. "नाही, ते हातमोजे वगैरे..."

"पन्नास सालची असती तर हातही लावू दिला नसता," मॅडम म्हणाल्या. "आता कळलं ना तीन वर्षांची आहे. मिनिटभरच. बंद बांधू नका."

हेमांगीनं दोन्ही हातांत कुंची घेतली. कागदावरून उचलताना तिनं ती एकदा नाकाशी नेली. मग ती टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली. निलोफरनं मोबाइल वर धरला. ओजस हेमांगीला बघून नेहमीसारखा उसळला, त्यानं दोन्ही हात पसरले. निळी बटणं हलत होती. कुंची त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आली.

आणि माझा हात वर गेला. मी तो नेला असं मला म्हणता येणार नाही. सगळा तळवा पसरून मी त्याचं डोकं झाकलं होतं आणि त्याला छातीशी दाबलं होतं.

"शरू, हात काढ गं," निलोफर मोबाइलमध्ये बघत म्हणाली. "हात येतोय फोटोत."

मी काढला नाही. माझ्या बोटांखाली त्याची टाळू उडत होती.

हेमांगी माझ्या हाताकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, हाताकडेच. कुंची तिनं तशीच हवेत धरली होती. निलोफरनं हळूच मोबाइल खाली घेतला.

"बारशालाही घातली नव्हतीस," हेमांगी म्हणाली.

मी मान हलवली. नाही म्हणून.

ती मागे वळली, टेबलाशी गेली, कुंचीची झालर आत दुमडली, बंद त्यावर आडवे घेतले, बटणं एकाखाली एक ठेवली. काकूंच्या घरी ती अशीच घडी घालून ठेवलेली असायची.

"मॅडम, वापराचं खोडा तेवढं," ती म्हणाली. "न वापरलेली लिहा."

येमूल मॅडमनी आम्हा दोघींकडे बघितलं. त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं. "कोणासाठी शिवली होती, हे लिहू का?"

"नातीसाठी."

"नातीचं नाव?"

"बारसं झालं नाही."

मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी फक्त 'नातीसाठी' एवढंच लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी ओजसला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं सही केली. ती वाकडी आली.

जिन्यात मी तिला गाठलं. मी म्हणाले, की माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही गं, तुला माहितीये, माझा खरंच नाही. ती दोन पायऱ्या खाली होती. तिनं कठडा धरला होता.

"आई चांगल्या समजुतीत गेली," ती म्हणाली. "तेवढं बरं झालं."

एवढंच. ती माझ्याशी भांडली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आम्ही ठरल्याप्रमाणे बदामीला गेलो, लेणी बघितली, तळ्याकाठी तिघींचे फोटो काढले. निलोफर जास्तच बोलत होती. त्यानंतर हेमांगीचे फोन कमी झाले, मग सणासुदीला मेसेज राहिले. कुणी विचारलं तर मी सांगते, तिची बदली झाली, ती लांब असते. तेही खरंच आहे.

ओजस आता नऊ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला घेऊन मी सोलापूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा एकटीच अर्धा तास काढून संग्रहालयात जाऊन आले. वाळे आणि खुळखुळा हलवलेत, पेटीत आता कुंची एकटीच आहे. पट्टी नवी आहे. कुंची. शिवणारी: शकुंतला देशमाने, कराड. नातीसाठी. न वापरलेली. फोटो नाही.

पण मला आठवत राहतो तो त्या पट्टीच्याही आधीचा, त्याच दुपारचा एक क्षण. संग्रहालयातून निघून आम्ही विजापूर रस्त्यावरच्या एका खानावळीत जेवायला थांबलो होतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी. हेमांगी माझ्या समोर बसली होती आणि ताटातलं नीट जेवत होती. ओजस माझ्या मांडीवर. त्याला सकाळचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं टेबलावरून तिच्याकडे झेप घेतली आणि नेहमीसारखे दोन्ही हात पसरले.

हेमांगी उठली. मला वाटलं, येतेय ती. पण ती मागच्या मोरीकडे गेली. नळ बराच वेळ वाहत होता. कोपऱ्यातला साबण तिनं दोनदा घेतला, बोटांच्या मधे मधे चोळला, कोपरापर्यंत धुतलं. पदराला न पुसता ओले हात तसेच वर धरून ती परत आली आणि माझ्या खुर्चीपासून एक पाऊल अलीकडे थांबली.

ओजसचे हात अजून पसरलेलेच होते.

"घेऊ का गं?" तिनं मला विचारलं.